कोन म्हनते रिकामी हाय?

थांबा थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलंच पाहिजे. उद्यावर टाकलं तर मी पुन्हा गप्प बसेन, आणि दोन वर्षं गप्प बसून झालंय. हात दोनदा धुतले तरी बोटांना तेलाचा वास आहे, मोबाइलच्या काचेवर डाग पडून राहिलेत. टाइप करताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आधी ती करंगळी सांगते.

आमच्या शूटिंग क्लबमध्ये एक काका होते. कोणीही पिस्तूल हातात दिली की ते पहिले गोळ्यांचं मॅगझिन काढायचे, वरची स्लाइड मागे ओढून अडकवायचे, चष्मा कपाळावर सरकवून आत पाहायचे, आणि मग गोळी जिथे बसते त्या भोकात उजव्या करंगळीचं टोक घालायचे. डोळ्यांनी पाहिलं ते पुरेसं नाही. बोटालाही विचारायचं. पिस्तुलाला ते बंदूकच म्हणायचे.

"काका, रिकामी आहे," आपण म्हणायचं.

"कोन म्हनते?"

"मी म्हणते. आत्ता मीच रिकामी केली."

"तू म्हनते. बंदूक काय म्हनते थे पाहू दे."

आणि गंमत पाहा. पिस्तूल टेबलावर ठेवून चिमूटभर तपकीर ओढायला ते पाठमोरे झाले, की वळल्यावर पुन्हा तेच. मॅगझिन, स्लाइड, करंगळी. मधल्या वेळात कोणी बोटसुद्धा लावलेलं नसायचं. मी एकदा हसलेच. "काका, आता तर तुम्हीच पाहिलं ना!"

"म्हनूनच तं," ते म्हणाले. "मले माह्यावर कुठं भरोसा हाय?"

आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणायचो. सरकारी शस्त्रागारात उभी नोकरी बंदुका खोलण्यात आणि जोडण्यात गेली. रिटायर झाल्यावर रोहण्याला घरी बसले आणि आठ दिवसांत घरच्यांना नको झाले. (हे त्यांनीच सांगितलेलं. "बुढीनं कुकर लावला तं मी शिट्टी खोलून पायली. थ्या दिवशी तिनं हात जोडले.") मग आमच्या क्लबवर यायला लागले. रोहण्याहून एसटीनं वर्धा, तिथून कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून केळझरच्या रस्त्यावरचा आमचा टिनाचा शेड. पोचेपर्यंत दुपार व्हायची. ही दुपार लक्षात ठेवा.

तुम्ही पाहिले असतील असे लोक, ज्यांचा कशावरच विश्वास नसतो. पण काकांचा संशय वेगळा होता. त्यात राग नव्हता. चहावाला म्हणायचा, "काका, थर्मास संपला." काका म्हणायचे, "कोन म्हनते?" आणि थर्मास असा काही तिरपा धरायचे की अर्धा कप निघायचाच. चप्पल घालताना दोन्ही चपला उलट्या करून आपटायच्या. मी म्हटलं, काका, सिमेंटची फरशी आहे, विंचू कुठून येणार? तर म्हणे, "इच्चू काय अर्ज देऊन येते का?"

पिस्तूल खोलायची असली की खांद्यावरचा दुपट्टा टेबलावर अंथरायचे आणि एकेक पुर्जा डावीकडून उजवीकडे मांडायचे. त्याला ते पंगत म्हणायचे. "जो शेवटी उठला, थो पयले बसन," म्हणजे शेवटी निघालेला पुर्जा जोडताना पहिला. पंगत बसलेली असताना टेबलापाशी कोणी शिंकलं तरी डोळे वटारायचे.

आता मुद्द्यावर येते.

क्लबची पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल एकच. सिनेमातली नाही, स्पर्धेची. एक गोळी सुटली की स्लाइड आपोआप मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधली नवी गोळी आत बसवते. ट्रिगर मात्र दर वेळी आपणच दाबायचा. ती एक पिस्तूल आम्ही दोघी वापरायचो. मी सेलूची, सकाळी सातला यायचे, कारण साडेदहाला कॉलेज. स्नेहा रोहण्याची, काकांच्याच गावची, त्यांच्याच एसटीनं दुपारी यायची. आणि राज्य स्पर्धेच्या निवडीसाठी क्लब एकच मुलगी पाठवणार होता. डिसेंबरात ट्रायल होती. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी आरशासमोर रिमोट धरून उभी राहायचे.

दिवाळी झाली आणि पिस्तूल अडकायला लागली.

पहिल्या दिवशी चौथ्या गोळीला. पुंगळी अर्धी आत, अर्धी बाहेर, दारात बोट सापडल्यासारखी. दुसऱ्या दिवशी दोनदा. मग एकदा तर गोळी आत बसली, ट्रिगर दाबला, आणि नुसतं टिक. गोळी उशिरानंही सुटू शकते, म्हणून तसंच समोर नळी धरून मनात तीस मोजायचे, मग ती हळूच काढायची. क्लबच्या सेक्रेटरी सरांनी काकांना सांगितलं, दुपारी काकांनी तपासलं. पन्नास गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात पुन्हा अडकली.

मी कॉलेज बुडवून दुपारपर्यंत थांबले. काका आले, दुपट्टा अंथरला, मला समोर बसवलं आणि एखादा हवालदार विचारतो तसं विचारायला लागले. "गोयी कोन्त्या डब्यातली? म्यागझिन कोन्तं? कितव्या गोयीले? पुंगयी कुठं अडकली, वर का बाजूले?" मला काहीच धड सांगता येईना. काका म्हणाले, "पयले गोयीवर संशय घ्याचा, मंग म्यागझिनवर, मंग हातावर. बंदुकीवर सगळ्यात शेवटी. थे बिचारी बोलत नाई ना."

मग मला म्हणाले, नखाच्या रंगाची शीशी आण. मी लाल नेलपॉलिश आणलं. त्यांनी एका मॅगझिनवर एक ठिपका काढला, दुसऱ्यावर दोन. आणि एक वही काढली, आखलेली. तारीख, वेळ, मॅगझिन, गोळ्यांचा डबा, कितवी गोळी, काय झालं, कारण, आणि शेवटचा रकाना: कोणाच्या हातून. ही वही ते कधीची ठेवून होते. मी मागची पानं चाळली. एकदा एक बारकी स्प्रिंग उडून हरवली होती, तिथे 'कोणाच्या हातून'मध्ये त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. अख्ख्या वहीत एक रकाना रिकामा नव्हता.

"रोज लिवजो," ते म्हणाले. "वेळ पन लिवजो."

"वेळ कशाला? माझी रोजची सातचीच आहे."

"रोजची हाय म्हनून लिवाची नाई?"

मी नाही लिहिली. मला वाटलं, हे सेक्रेटरी सरांसाठी माझी हजेरी लावून राहिले. उशिरा आले की दाखवायला. मी बाकी सगळं लिहायचे आणि वेळेच्या रकान्यात एक आडवी रेघ मारायचे, मुद्दाम जरा ठसठशीत.

एक ठिपक्याचं मॅगझिन असो की दोन, अडकायची. नवा डबा फोडला, अडकायची. मग काका माझ्या मनगटावर आले. "ढील हाय. मनगट ढिलं असलं तं स्लाइड पुरी मांगं जात नाई. पान्याचा लोटा धरून उभी राय." दहा दिवस मी अंगणात पाण्यानं भरलेला लोटा हात लांब करून धरत होते. शेजारची मावशी आईला विचारून गेली, पोरीनं कायचा नवस केला? मनगट लोखंडासारखं झालं. पिस्तूल अडकायची ती अडकायचीच.

आणि स्नेहाच्या हातात? एकदाही नाही. वहीत तिच्या नावापुढे सगळं 'ठीक, ठीक, ठीक'.

तुमच्या डोक्यात काय आलं असतं? खरं सांगा. मी आईला सांगितलं. आई कणीक मळता मळता म्हणाली, "त्यात काय समजाचं हाय वो? गावचं मानूस गावच्याच पोरीले पाहीन ना."

बस. तिथून मला सगळंच दिसायला लागलं. स्नेहा आणि काका एसटी स्टँडवर पेरू खात हसताना दिसले. काका तिच्या वेळी खुर्ची ओढून मागे बसतात, माझ्या वेळी येतच नाहीत. (येतच नाहीत कारण त्यांची एसटी तेव्हा रोहण्यातूनच निघत असते. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि डोक्यात असणं वेगळं.) एकदा काकांनी मला विचारलं, "दसऱ्याले बंदूक कोनं पुसली होती वं? मी तापानं पडलो होतो तवा." मी म्हटलं, "मीच. नीट पुसली. सगळ्यांनी पाहिली."

"तेल?"

"क्लबच्या पेटीतल्या बाटलीतलंच."

ते नुसतं "हं" म्हणाले. मी मनात म्हटलं, आता माझ्यावर ढकलणार.

ट्रायलला चार दिवस होते. मी दुपारी गुपचूप क्लबवर गेले, मागच्या बाजूनं. खिडकीतून पाहिलं. पंगत बसलेली, काका एकटे. आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून ते स्लाइडच्या आतल्या एका बारीक भोकात फिरवत होते. काडी बाहेर काढली, उजेडात धरली. मग इकडेतिकडे पाहिलं. खरंच सांगते, पाहिलं! आणि काहीतरी कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात घातलं.

मी खाली वाकले आणि आल्या वाटेनं मागे सरकले.

मी सरळ सेक्रेटरी सरांच्या घरी गेले. सर रिटायर गणित मास्तर, घाबरट पण सज्जन. मी एका दमात सगळं बोलले. त्यांच्या गावची मुलगी, तिच्या वेळी अडकत नाही, माझ्याच वेळी अडकते, आणि आज पुर्जा खिशात घालताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"पुर्जा?" सर उभेच राहिले. "पिस्तुलाचा? अवो बाई, लायसन माह्या सहीवर हाय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोटारसायकलींच्या मागे उभी होते. काका आले, तसं सरांनी त्यांना शेडच्या बाहेरच थांबवलं. सर आधीच सगळे पुर्जे यादीशी ताडून बसले होते, एकही कमी नव्हता, तरी म्हणाले, "काका, राग नका मानू, पण ट्रायल होतपर्यंत पिस्तुलाले हात नका लावू. तक्रार आली आहे."

काकांनी खिशाला हात लावला. "सर, एक गोष्ट दाखवाची होती."

"ट्रायल झाल्यावर पाहू ना काका."

काकांनी खिशावरचा हात काढला. मग म्हणाले, "बराबर हाय. बंदुकीच्या जागी संशय आला तं मानसाले दूर ठेवाच लागते." दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि निघाले.

मी वाट पाहत होते की ते विचारतील. ज्या माणसानं थर्माससाठी विचारलं, चपलेसाठी विचारलं, त्यानं इथे विचारायला नको? कोन म्हनते?

नाही विचारलं.

रविवारी ट्रायल. भल्ली थंडी पडली होती, शेताकडच्या बांधावर धुकं, तोंडातून वाफा. सकाळी साडेसातला सुरुवात. चिठ्ठ्या टाकल्या, माझा नंबर पहिला. पिस्तूल हातात घेतली तर बर्फ.

पहिल्या मालिकेत तिसऱ्या गोळीला अडकली. हात वर केला. सरांनी तपासलं, रिकामी केली, पुन्हा संधी दिली. दुसऱ्या गोळीला अडकली. तिसऱ्यांदा नुसतं टिक. माझे डोळे भरून आले, निशाण दिसेना. क्लबच्या कमिटीचे एक जण म्हणाले, बंदूकच खराब असेल तर यंदा मुलींचं नाव पाठवूच नका. म्हणजे मी नाही, स्नेहाही नाही.

आणि तुम्हाला माहितीय, तेव्हा काकांना हात लावू देत नाहीत म्हणून मी आतून खूश पण होते आणि त्याच वेळी मला दुसरं कोणी सुचतही नव्हतं.

"सर!" फाटकाबाहेरून आवाज आला. समोरच्या नाल्यावरच्या पुलियावर कोवळ्या उन्हात काका बसले होते. मुक्काम करून आले असतील, इतक्या सकाळी रोहण्याहून एसटी नाही. "मी अंदर येत नाई. मी हात लावत नाई. तुम्ही फकत रिकामी करा, स्लाइड उघडी ठेवा अन् एक घंटा उन्हात ठेवून द्या."

"उन्हात?" कमिटीवाले हसले. "पापड हाय का गा काका?"

"पापडच समजा. हा दुपट्टा घ्या खाली अंथराले."

स्नेहानंच धावत जाऊन दुपट्टा आणला. "सर, होऊ द्या ना," ती म्हणाली. "तिच्या गोयाच नाई सुटल्या, तं मी जिंकून काय करू?"

मला तिचा राग आला. खरंच. मला वाटलं, नाटक करून राहिली.

मग आम्ही सगळे त्या रिकाम्या पिस्तुलाभोवती बसलो. सेक्रेटरी सर तर कावळे हाकलत होते, सवयीनं. ऊन चढलं. साडेनऊला मी पुन्हा उभी राहिले. पाच गोळ्या, पाचही साफ. पुढच्या पाच साफ. पुंगळ्या अशा टणटण उडत होत्या की एक माझ्या टोपीवर पडली. स्नेहाच्याही सगळ्या सुटल्या. शेवटी मी चार गुणांनी पुढे. माझं नाव ठरलं.

मग सगळे फाटकाशी. "काका, झालं काय होतं?"

काकांनी खिशातून तो कागद काढला. आत पुर्जा नव्हता. कापसाचा एवढासा बोळा होता आणि त्यावर पांढरं, मेणासारखं काहीतरी. "रोज दुपारी पाहो तं तेलावानी दिसे. शंका आली म्हनून घरी नेलं, खिडकीत ठेवलं. सकायी असं." त्यांनी बोळा सरांच्या तळहातावर ठेवला. "तपकिरीनं माह्यं नाक गेलं. तुम्हीच हुंगा."

सरांनी हुंगायच्या आत मला वास आला. तळहाताच्या उबेनं तो पांढरा डाग विरघळायला लागला होता आणि वास आला आमच्या घरचा. आईच्या फळीवरच्या डब्याचा.

दसरा. क्लबवर शस्त्रपूजा. काका तापानं घरी, पुसायचं काम मी उत्साहानं अंगावर घेतलेलं. पेटीतली बंदुकीच्या तेलाची बाटली रिकामी. रिकामी बाटली पूजेत कशी ठेवायची, म्हणून मी ती घरी नेऊन खोबरेल तेलानं भरून आणली. आणि मग पिस्तूल चमकावी म्हणून प्रत्येक फटीत, प्रत्येक भोकात असं ओतलं, जसं केळझरच्या गणपतीला शेंदूर. ऑक्टोबरात वर्ध्याचं ऊन, तेल पाण्यासारखं पातळ. काका स्वतःचं तेल स्वतःच्या खिशात आणायचे, क्लबच्या बाटलीवर त्यांचा भरोसा नव्हता. वरवर पुसायचे ते त्या तेलानं. आतलं माझं खोबरेल तसंच राहिलं. थंडी आली. सकाळी सातला गोठायचं, दुपारी बाराला वितळायचं. माझ्या वेळी मेण, स्नेहाच्या वेळी तेल.

आणि वेळेच्या रकान्यात मी रेघ मारली होती.

"खोबरेल तेल?" कमिटीवाले ओरडले. "पिस्तुलात? कोणी टाकलं?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. पण मनात आलं, आत्ता सांगितलं तर नाव काढून घेतील. एवढंच आलं. एक सेकंद.

"माह्या हातून गेलं," काका म्हणाले. ते कोणाकडेच पाहत नव्हते. "माह्यी चूक झाली. वय झालं."

त्यानंतर तर्री-पोहे आले. मी पोह्याची प्लेट हातात धरून उभी होते आणि कमिटी माझ्या समोरच म्हणाली, आज तेल चुकलं, उद्या काय चुकेल? काकांकडून हे काम काढून घेतलेलं बरं. काका मान हलवत होते, जसं दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय. आत येऊन सफाईची पेटी सरांच्या ताब्यात देताना फक्त म्हणाले, "एक मिनिट. वही राह्यली." उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं आणि वही पेटीच्या तळाशी सरकवली. जाताना चपला उलट्या करून आपटल्या.

राज्य स्पर्धेत मी मधेच कुठेतरी आले. संक्रांतीला मला राहवेना. तिळगूळ घेऊन रोहण्याला गेले. काका अंगणात दुपट्टा अंथरून बसले होते, समोर कोणाचा तरी फवारणीचा पंप उघडा, पुर्जे पंगतीत. मला पाहून चकित वगैरे काही झाले नाहीत.

"ये. पाय, नोझल साफ हाय म्हने. कोन म्हनते?" आणि करंगळी.

मी पाठ करून गेले होते, तरी अडखळले. "काका, सरांना तक्रार मी केली होती."

"माईत हाय. मोटरसायकलीच्या मांगं उभी होती तू. पाय दिसत होते."

"आणि ते तेल... ते तेल मी टाकलं होतं काका."

त्यांनी नोझल खाली ठेवलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. माझ्याकडे असं पाहिलं, जसं पिस्तुलाच्या आत पाहायचे.

"कोन म्हनते?" ते म्हणाले.

मी रडायलाच लागले. काकू आतून पाणी घेऊन आल्या आणि त्यांच्यावर खेकसल्या, "काऊन रडवून राह्यले पोरीले!" काका म्हणाले, "म्या नाई रडवलं. खोबरेलानं रडवलं." मग मला हळूच म्हणाले, "माह्यावर संशय घेतला थे बराबर केलं. खिशात घालताना पाह्यलं, तं सांगितलंच पायजे. पन सगळ्यायवर घेतला अन् एक मानूस सोडला. थो पन धराचा राहते."

तिळगूळ खाण्याआधी त्यांनी लाडू फोडून आत पाहिला. मी रडता रडता हसले.

निघताना म्हटलं, मी सरांना सांगते. ते म्हणाले, "तुले वाटन तवा सांगजो." मला वाटतच राहिलं. गेल्या उन्हाळ्यात काका गेले. स्नेहाचा मेसेज आला. मी वाचला, आणि उत्तरात नुसता जोडलेल्या हातांचा इमोजी टाकला.

आणि आज. दसऱ्याची साफसफाई. पेटी उपसली, तळाशी ती वही. शेवटचं पान उघडलं. ट्रायलची तारीख. माझ्या सगळ्या आडव्या रेघांवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात वेळ भरलेली, सकाळी सात, सकाळी सात, सकाळी सात. कारण: खोबरेल, थंडीनं गोठलं. आणि शेवटचा रकाना, कोणाच्या हातून?

रिकामा.

अख्ख्या वहीतला एकच. कमिटीसमोर ते खोटं बोलले. वहीत नाही बोलले.

मी पेन घेतलं आणि माझं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग वही सरांच्या हातात दिली. सर अजून वाचून राहिले असतील. स्नेहा, तू हे वाचशील तर मला फोन कर, शिव्या दिल्यास तरी चालेल. मी तेव्हाच खरं बोलले असते तर ती निवड तुझी असती की माझी, कोण जाणे, पण तुझ्या पेरूंवरसुद्धा मी संशय घेतला होता.

नव्या मुलींना आज पिस्तूल दाखवत होते. एक म्हणाली, "ताई, रिकामी आहे." माझी करंगळी आपोआप आत गेली. ती हसायला लागली.

तुमच्यासोबत झालं का असं कधी? सगळ्या दुनियेवर संशय घेतला आणि चूक आपल्याच हातची निघाली, आणि ज्याच्यावर घेतला तोच ती गुपचूप स्वतःच्या खिशात घालून निघून गेला? झालं असेल तर लिहा ना खाली. नसेल झालं, तरी एकदा बोट घालून पाहा.